कुणाचा हात

सोमवारी दुपारी, जेवण झालं होतं आणि कॉफी व्हायची होती, तेव्हा डॅडनी बोळकांडीतल्या पांढऱ्या कपाटाच्या कडेवर बोटं ठेवली आणि विचारलं, "इथं कोण धरायचं?"

ट्रीनाच्या दोन्ही हातांत बश्या होत्या. प्रश्न ऐकू आला होता, पण कळला नव्हता, म्हणून तिनं तो पुन्हा विचारायला लावला. डॅडनी बोटं हलवली नाहीत. गेल्या तीन वर्षांत त्यांच्या नजरेचा मधला भाग विझत गेला होता आणि कडेकडेचं तेवढं उरलं होतं. त्यामुळे ज्याच्याकडे ते तोंड करत ते त्यांना दिसत नसे, आणि जे दिसे त्याच्याकडे त्यांचं तोंड नसे. आता त्यांचं तोंड खिडकीकडे होतं, म्हणजे ते तिच्याकडे बघत होते. "इथला रंग गेलाय," ते म्हणाले. "लाकूड लागतंय हाताला. कुणीतरी पुष्कळ वर्षं धरलं असणार. पण इथं धरून माणूस करणार काय? खण खाली आहेत, आरसा वर आहे."

"कुणी नाही धरलं, डॅड. मीच घासलंय ते, पॉलिश पेपरनं."

"का?"

"छान दिसतं."

"हं."

हे 'हं' ट्रीनाच्या अठ्ठावन्न वर्षं ओळखीचं होतं. शाळेच्या प्रगतिपुस्तकाला ते मिळालं होतं, चर्चबाहेरच्या मुलाशी लग्न ठरवल्याच्या बातमीला मिळालं होतं, आणि बावीस वर्षांनी ते लग्न मोडल्याच्या बातमीलाही मिळालं होतं, अगदी त्याच मापाचं. त्यात राग नसे, हीच त्यातली अडचण. रागाला उत्तर देता येतं. तिच्या माहेरची डायकहाउस मंडळी बोलण्यातही काटकसरीची; आजचा शब्द वाचवला तर पुढच्या रविवारी उपयोगी पडेल अशा बेतानं जगणारी. डॅडनी कपाटावरून हात काढला, कोटाच्या बाहीला पुसला, जणू काही चिकटलं होतं, आणि भिंतीला धरून खुर्चीकडे गेले. ट्रीनानं बश्या ठेवल्या, कॉफी केली, दोन बदामी बिस्किटं काढली. सगळं नेहमीसारखं झालं, पण तो 'कोण' तिथंच बोळकांडीत उभा राहिला. ती कड तिनं जुलैतल्या एका शनिवारी घासली होती. रेडिओ चालू होता, शेजारी थंड चहा होता, आणि तिच्या मनात एवढंच होतं की इकडे थोडं जास्त झालं, आता तिकडेही तेवढं करावं. कोण, हा प्रश्न तिला सुचलाच नव्हता.

या घरावर ती सहा वर्षं अशीच हात फिरवत आली होती. नदीपलीकडचं, दोन खोल्या नि एक स्वयंपाकघर असलेलं हे घर तिनं घटस्फोटाच्या पैशातून घेतलं, तेव्हा चार भिंती घेण्यातच पैसे संपले आणि आत ठेवायला काही उरलं नाही. मग दातांच्या डॉक्टरकडच्या टेबलावर, जिथं ती दिवसभर फोन घ्यायची आणि लोकांना थांबायला सांगायची, एक मासिक सापडलं. त्यात गुलाबी पडदे होते, टवके उडालेले पांढरे पलंग होते, आणि त्या सगळ्याला शॅबी शिक असं नाव होतं. म्हणजे जीर्ण, पण ऐटीत. ट्रीनाला ती कल्पना एकदम पटली. तिच्याजवळ जीर्ण होतंच, फक्त ऐट आणायची होती. आणि त्यात एक गंमत तिच्या नंतर ध्यानात आली. नवं परवडत नाही म्हणून माणूस जुनं उचलतो, त्या जुन्याला लाज वाटू नये म्हणून नवा रंग देतो, आणि तो रंग फार नवा दिसतो म्हणून परत घासून काढतो. तीन शनिवार जातात आणि वस्तू होती तिथंच येते. फक्त आता ती गरिबीनं नव्हे, आवडीनं तशी आहे असं म्हणता येतं. शहर ग्रँड रॅपिड्स, सगळ्या अमेरिकेला कधीकाळी टेबलखुर्च्या पुरवणारं. इथं मोठा कचरा रस्त्यावर काढायच्या आठवड्यात अशी कपाटं निघत की बाहेरगावचे लोक लग्नात देतील. ट्रीना ती व्हॅनमध्ये घालून आणायची. रंगाच्या दुकानात दुसऱ्यांनी चुकीचा मिसळून परत केलेला रंग चौथाई किमतीत मिळायचा, त्यात प्लास्टरची पूड कालवली की महागड्या डब्यातल्या रंगासारखा खडूसारखा बसायचा. कडांना आधी मेणबत्ती घासायची म्हणजे वरचा रंग तिथं धरत नाही. जुन्या टेबलक्लॉथचे पडदे, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळट केलेले. डॅडच्या खोलीला सगळे मिळून चारशे बारा डॉलर लागले होते, त्यातले साठ एकट्या पलंगाच्या डोक्याकडच्या नक्षीला, आणि ते साठ तिनं वहीत लिहिताना जरा लहान आकड्यात लिहिले होते.

डॅड तिच्या घरी पहिल्यांदा आले होते. सहा वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही आठ दिवसांच्या बोलीवर. आई, हेस्टर, जाऊन दीड वर्ष झालं होतं. डॅडना एकटं ठेवणं आता शक्य नव्हतं, याबद्दल ट्रीनाचं आणि तिच्या धाकट्या भावाचं, रॉजरचं, एकमत होतं, आणि त्यांचं एकमत होण्याची ही त्या दशकातली एकमेव वेळ होती. चर्चच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती. रॉजरनं ती रविवारपर्यंत धरून ठेवली होती. रविवारी दुपारी एक वाजता तो फोन करणार होता; डॅड ट्रीनाकडे राहतो म्हणाले तर खोली यादीतल्या पुढच्या माणसाला, नाहीतर सोमवारी सामान हलवायचं. "त्यांना ठरवू दे," रॉजर म्हणाला होता, ज्याचा अर्थ त्याच्या मते ठरलेलंच होतं. ट्रीनाला ते हवे होते. का हवे होते, हे तिला नीट सांगता आलं नसतं. त्यांच्याशी तिचं कधी फार बोलणं नव्हतं. पण सहा वर्षं ती रोज साडेपाचला घरी यायची, किल्ली दाराजवळच्या निळ्या बशीत टाकायची, आणि त्या किल्लीचा आवाज पूर्ण विरेपर्यंत घरात दुसरा आवाज नसायचा.

मंगळवारी ती त्यांच्या हातांवर लक्ष ठेवून राहिली. आधी काळजी म्हणून, मग चक्क उत्सुकता म्हणून. डॅड चालत नसत, वाचत वाचत जात. उजवा हात पुढं, बोटं थोडी वाकवलेली, पहिल्या वस्तूला टेकली की क्षणभर थांबून तिला काहीतरी विचारायची आणि मग पुढच्या. चाळीस वर्षं त्यांनी फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशच्या खात्यात काढली होती. त्यांच्या तळव्याला लाकूड आणि रंग यांच्यातला फरक असा कळायचा जसा आपल्याला गरम आणि गार यांच्यातला. त्यांच्या घरी हे बघायची वेळ कधी आली नाही, कारण तिथं ते बिनदिक्कत फिरायचे. इथं मात्र त्यांचा हात झिजलेल्या जागेशी अडकायचा. टेबलाच्या पायाशी, जिथं कुणाचा हात कशाला जाईल. आरशाच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात. दर वेळी बोटं विचारायची आणि दर वेळी कुणीच उत्तर द्यायचं नाही, आणि म्हातारा एखाद्या अनोळखी गावात चुकीच्या पाट्या वाचत फिरणाऱ्या माणसासारखा मान किंचित वाकडी करून पुढं सरकायचा.

डॅडसाठी ती या आठवड्यात अर्धाच दिवस काम करत होती; बुधवारी एक वाजता घरी आली तेव्हा ते न्हाणीघराच्या दारासमोर उभे होते. तोपर्यंत ते दार नेहमी उघडं असायचं. त्या सकाळी तिनं फरशी पुसली होती आणि ओल्यावर पाय घसरू नये म्हणून दार ओढून घेतलं होतं. पांढरी भिंत, पांढरं दार, चार डॉलरला आणलेली चिनी मातीची पांढरी मूठ. डॅडचे दोन्ही तळवे दाराच्या कडेवर टेकलेले होते, बिजागऱ्यांच्या बाजूला, जिथं तिनं दुसऱ्या बाजूला शोभावं म्हणून सारख्याच उंचीवर, सारखाच, एक वीतभर रंग घासून काढला होता. पँट पुढून ओली होती.

"आत कोणीतरी आहे," ते म्हणाले. "मी म्हटलं, येईल बाहेर."

तिनं त्यांच्या बाजूनं हात घालून मूठ फिरवली आणि दार दुसऱ्या बाजूनं उघडलं. डॅडनी आधी उघडलेली बाजू चाचपली, मग पुन्हा ती घासलेली जागा, मग पुन्हा उघडलेली बाजू, वकिलानं दोन साक्षीदारांना आळीपाळीनं विचारावं तसं. किती वेळ उभे होते ते तिनं विचारलं नाही. अर्धा तास असेल, जास्तही असेल. रांगेत उभं राहून तक्रार न करणं हे त्यांच्या धर्मातच बसत होतं. तिनं गरम पाणी काढून दिलं, दुसरे कपडे काढून ठेवले, दार लावून घेतलं, आणि बाहेर बोळकांडीत उभी राहून त्या वीतभर उघड्या लाकडाकडे बघत राहिली. किती छान साधलं होतं ते. खरं वाटावं इतकं. नंतर ते स्वयंपाकघरात येऊन बसले, केस ओले विंचरलेले, आणि खिशातून पेपरमिंटची पांढरी गोळी काढून तिच्या बाजूला टेबलावर ठेवली. लहानपणी चर्चमध्ये प्रवचनाचा दुसरा मुद्दा सुरू झाला की ते अशीच न बघता एकेक गोळी बाकावरून सरकवायचे. तिला, रॉजरला, आणि शेवटी आईला. गोळी विरघळेपर्यंत कुणी बोलायचं नाही असा संकेत होता. ट्रीनानं गोळी तोंडात टाकली.

"त्या आश्रमात," गोळी विरघळल्यावर डॅड म्हणाले, "सगळं प्लास्टिकचं आहे. रॉजरनं दाखवलं मला. कठडे, दारं, सगळं. ते झिजतही नाही आणि खोटंही बोलत नाही."

ही तक्रार होती की निर्णय, ते तिला कळेना. गुरुवारी कामावर बसून ती लोकांचे हात मोजत राहिली. दाताच्या डॉक्टरकडे थांबणारे लोक खुर्चीच्या हातांना मागून धरत नाहीत, पुढच्या टोकाला धरतात, उठून पळायच्या बेतात असल्यासारखे. दाराजवळच्या खुर्चीची टोकं अगदी गोटीसारखी गुळगुळीत झाली होती आणि आतल्या कोपऱ्यातली खुर्ची नवीच्या नवी होती. तिच्या स्वतःच्या टेबलाला पलीकडच्या बाजूनं एक फिकट पट्टा पडला होता, पैसे द्यायला वाकणाऱ्यांच्या पोटांचा. आठ वर्षं ती इथं बसत होती. हे सगळं तिच्यासमोर लिहिलेलं होतं आणि ती मासिकात बघून कडा घासत होती. तिला स्वतःचं हसू आलं. एका बाईनं तोंडावरचा फडका काढून विचारलं, काय झालं.

कामावरून ती तशीच डॅडच्या घरी गेली, त्यांचा लोकरी स्वेटर आणायचाय असं स्वतःला सांगून. घर विकायला काढलं होतं. दलालाच्या सांगण्यावरून रॉजरनं स्वयंपाकघरात फिकट पांढऱ्या रंगाचे सहा डबे आणून ठेवले होते, मंगळवारी रंगारी यायचे होते. घेणाऱ्याला आपल्या आधी इथं कुणी राहिलं असं वाटता कामा नये, असं त्या दलालाचं म्हणणं. ट्रीना हात मागं बांधून फिरली. दिव्याच्या बटणाभोवती भिंत काळवंडलेली, कारण डॅड अंधारात आधी भिंत थोपटायचे. त्यांच्या खुर्चीचा उजवा हात झिजलेला, डावा नाही. डाव्या हातात बायबल असायचं. आणि मग सामानाच्या कोठीचं कपाट. डावं दार, मुठीच्या बरंच वर, तिच्या खांद्याच्या जरा खाली, बाहेरच्या कडेला चार बोटं रुंद एवढी जागा रंग जाऊन, अस्तर जाऊन, लाकडापर्यंत आली होती आणि नंतर लाकूडही वाटीसारखं किंचित आत गेलं होतं. दार उघडायला तिथं हात लावावा लागत नव्हता. तिथं हात लावून काहीच करता येत नव्हतं. ट्रीनानं आपला हात ठेवला आणि अंगठा आपोआप आतल्या बाजूला वळला. मग तिला आई दिसली, पाठमोरी, एप्रनची गाठ सुटत आलेली, डावा हात त्या कडेवर आणि मान किंचित मागच्या दाराकडे. चार वाजून दहा मिनिटांनी डॅडचा जेवणाचा डबा मागच्या पायरीवर टेकायचा. हळू टेकला तर आई कपाटातून जाम काढायची आणि त्या दिवशी घडलेलं एखादं बोलायची. आदळला तर बटाटे काढायची आणि बोलायची नाही. डबा टेकेपर्यंत ती तिथं उभी असायची. रोज. हे ट्रीनाला माहीत होतं हे ट्रीनाला आत्ता माहीत झालं. ते दार बिजागऱ्यांतून काढून व्हॅनमध्ये घालावं असं तिच्या मनात आलं, पण रॉजरनं दारं मोजली असती. तिनं स्वेटर घेतला, डॅडची अवजारांची पेटी घेतली, आणि जाताना त्या सहा डब्यांना पायानं जरा भिंतीकडे सरकवलं, जणू त्यानं काही लांबणार होतं.

शुक्रवारी डॅड बटाटे सोलत होते. हे काम ते डोळसांपेक्षा पातळ करायचे. त्यांचं अजून काही ठरलेलं दिसत नव्हतं, किंवा ठरलं होतं आणि ते रविवारसाठी जपून ठेवलं होतं. ट्रीनानं कोठीच्या दाराचं विचारलं. सोलाणं थांबलं नाही.

"तुझी आई उभी राहायची तिथं," डॅड म्हणाले. "कपाटाशी यायची आणि काय घ्यायला आलो ते विसरायची. मग आठवेपर्यंत हात टेकून उभी."

हेस्टर डायकहाउस आयुष्यात काही विसरली नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी कुणी चर्चच्या जेवणाला पातळ सूप आणलं ते तिला वाटाण्यांच्या संख्येसकट आठवायचं. पण ट्रीना काही म्हणाली नाही, आणि तिच्या न बोलण्यामुळे असेल, डॅडनी बटाटा खाली ठेवला आणि असं काही सांगायला लागले जे तिनं कधी ऐकलं नव्हतं. पॉलिशच्या खात्यात ते होते हे खरं. पण त्यातली अकरा वर्षं ते साखळीवर होते. तेव्हा लोकांना जुनं दिसणारं नवं कपाट हवं असायचं. तर सुतार कपाट करायचे, एकही ओरखडा न लावता, आणि मग ते डॅडच्या टेबलाशी यायचं, आणि डॅड त्याला जुन्या किल्ल्या बांधलेल्या साखळीनं मारायचे. कार्डावर लिहिलेलं असायचं, डाव्या दाराला आठ खाचा, उजव्याला पाच. दाभणानं किड्यांची भोकं. माश्या बसल्यासारखे काळे ठिपके. मग कडा घासायच्या.

"म्हणजे तुम्ही पण," ट्रीना म्हणाली.

"मी पण. पगार घेऊन. तू फुकट करतेस." त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "पाद्रीबाबांना विचारलं होतं मी, हे पाप आहे का म्हणून. ते म्हणाले, चिठ्ठीवर जुनं कपाट असं लिहितात का? म्हटलं, नाही, जुन्यासारखं असं लिहितात. म्हणाले, मग चालेल. पण घरी सांगावंसं वाटलं नाही."

"आईला माहीत होतं?"

"तिला सगळं माहीत असायचं. विचारायची नाही, एवढंच." त्यांनी बटाटा पुन्हा उचलला आणि फिरवत राहिले. "कार्डावर कडा घासा एवढंच असायचं. कुठं, ते नसायचं. बाकीचे लोक चारी बाजूंनी सारखं घासायचे. तुझ्यासारखं. मला जमेना. मला आधी माणूस ठरवावा लागायचा. कोण उघडतं हे कपाट, किती उंच आहे, कुठल्या हातानं. नाहीतर ती झीज नाही, नुसता आजार आहे. मग मी मनात तुझ्या आईला उभं करायचो. पाच फूट दोन, डावखुरी. ती जिथं धरायची तिथं घासायचं. दिवसाला नऊ कपाटं."

ट्रीनाचं डोकं असल्या वेळीही आकडेमोड करतं. नऊ, आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे पन्नास आठवडे, अकरा वर्षं. पंचवीस हजारांच्या आसपास येऊन ती थांबली. कॅन्ससमध्ये, जॉर्जियात, कुठल्या कुठल्या जेवणघरांत, ज्यांनी हेस्टरचं नाव ऐकलं नाही अशा लोकांच्या ताटल्यांच्या कपाटांवर, डाव्या दाराच्या बाहेरच्या कडेला, खांद्याच्या जरा खाली, तिचा हात टेकलेला होता. ती तिथं डबा वाजायची वाट बघत होती, आणि ज्यानं तिला तिथं उभं केलं त्याला वाटत होतं की ती काहीतरी विसरली आहे. की वाटत नव्हतं? ट्रीनानं त्यांच्याकडे बघितलं. त्यांचं तोंड बटाट्याकडे होतं, म्हणजे त्यांना दुसरंच काहीतरी दिसत होतं.

शनिवारी सकाळी तिनं अवजारांच्या पेटीतली सुताराची निळी पूड काढली, दोरीनं रेघ मारायची असते ती, आणि डॅडच्या तळव्यांना चोळली.

"ठसे घेतेस?" ते म्हणाले. "काय चोरलंय मी?"

"फिरा," ती म्हणाली. "खोलीतून न्हाणीघरात, तिथून इथं. नेहमीसारखे."

ते फिरले. आधी ऐटीत, चर्चमध्ये दानाची थाळी घेऊन जायचे तसे. मग विसरून, रोजच्यासारखे. पांढऱ्या घरावर निळे हात उमटत गेले आणि ट्रीना त्यांच्या मागोमाग चालत बघत राहिली, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तिचा अंदाज चुकला. साठ डॉलरच्या नक्षीला त्यांनी एकदाही हात लावला नव्हता. पलंगावरून उठताना ते गादीखालची फळी धरत होते. बोळकांडीतलं कपाट त्यांना नकोच होतं. त्यांचा हात समोरच्या भिंतीवर जात होता, जिथं काहीच नव्हतं, घराचं सगळ्यांत रिकामं, मासिकातल्या हिशेबानं सगळ्यांत वाया गेलेलं अंग. दुपारभर तिनं उरलेल्या रंगानं घासलेल्या जागा भरून काढल्या. सहा वर्षांचे शनिवार एका शनिवारात पुसले जात होते आणि तिला वाईट वाटायला हवं होतं, पण कुणी कुठं हात ठेवला हे इतकं बघण्यासारखं होतं की वाईट वाटायला फुरसत नव्हती. बिजागऱ्यांच्या बाजूची वीतभर जागा तिनं दोनदा रंगवली. मग पॉलिश पेपर घेऊन ती मुठीजवळच्या निळ्या पंजावर टेकली, आणि डॅड मागून आवाजावरून अंदाज घेत राहिले.

"बस," ते म्हणाले. "कमी. मी फक्त सहा दिवस गेलोय इथून."

तिनं कागद खाली ठेवला. सहा दिवसांची झीज किती असते? तिनं बोटानं बघितलं. काहीच लागत नव्हतं, फक्त थोडीशी निळी पूड.

रविवारी त्यांनी रेडिओवर प्रवचन ऐकलं. दुसऱ्या मुद्द्याला गोळी सरकली. ट्रीनानं सूप ठेवलं, घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि पावणेएकला बघितलं. डॅडनी एवढ्या दिवसांत राहण्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं; ती विचारणाऱ्यांतली नव्हती, हे तिला कुणाकडून आलं तेही आता उघड होतं. ते उठले, पाणी घ्यायला सिंककडे निघाले, आणि वाटेत त्यांचा हात निळ्या कपाटाला लागला. या घरात आल्यावर तिनं रंगवलेली ती पहिली वस्तू. तेव्हा तिला घासायचं असतं हे ठाऊक नव्हतं, आणि नंतर कंटाळा आला म्हणून ते तसंच राहिलं होतं. डॅडचा हात पुढं गेला, थांबला, मागं आला. सिंकच्या बाजूची कड, कमरेच्या वर. त्यांनी अंगठा फिरवला. मग तळवा. मग वाकून गाल जवळ नेला, वास घेतल्यासारखा.

"हे तू घासलेलं नाहीस," ते म्हणाले.

"कुठलं?" ती जवळ गेली. तिला दिसलं नव्हतं. रोज बघून दिसेनासं झालेलं. निळा रंग पातळ होत होत मधोमध लाकडाचा एक तपकिरी डोळा उघडला होता, पैशाएवढा.

"नाही. हे नाही घासलं."

"इथं कोण उभं राहतं?"

साडेपाचला किल्ली बशीत पडते. कोट खुंटीला. मग सिंकशी येऊन ती दिवा लावायच्या आधी थोडा वेळ थांबते, हात कशावर तरी असतो. बाहेर शेजाऱ्यांच्या गाड्या येतात, एकेक दार लागतं, कुणीतरी कुणालातरी आज काय झालं ते सांगायला सुरुवात करतं आणि आवाज आत जातो. सगळी दारं लागून झाली की ती दिवा लावते. याला काही नाव नव्हतं आणि हे ती करत होती असं तिनं कधी म्हटलं नसतं.

"मी," ट्रीना म्हणाली.

"काय करतेस उभी राहून?"

"काय घ्यायला आले ते विसरते. आठवेपर्यंत उभी राहते."

डॅडचा तळवा तिथंच होता. सूप उकळायला लागलं होतं आणि तिला गॅस कमी करायचा होता, पण ती हलली नाही.

"तुझी आईही असंच सांगायची," ते म्हणाले. "तीही काही विसरायची नाही."

फोन वाजला. एकला दोन मिनिटं कमी होती. रॉजर जेवणाआधी काम उरकणाऱ्यांपैकी. तिनं फोन उचलून कानाला लावला. रॉजरनं प्रकृती विचारली, प्रवचन कसं झालं ते विचारलं, आणि मग त्या खोलीचं काय करायचं ते विचारलं. आश्रमाचे लोक थांबलेत, चारच्या आत सांगायचंय. ट्रीनानं फोन छातीशी धरला. तिच्या तोंडात शब्द आले आणि तिनं ते तसेच धरून ठेवले, गोळी धरावी तसे.

"त्याला सांग," डॅड खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "खोली दुसऱ्या कुणाला देऊ दे. माझं इथं अजून काहीच झिजवून झालेलं नाही."

आणि त्यांनी तिच्या जागेवरून हात उचलला, चार बोटं उजवीकडे सरकवला, आणि जिथं निळा रंग अजून अगदी कोरा होता तिथं टेकवला.